पांढऱ्या गाडीने धरलेला ताल

शशिकांत टिपणीसांनी एकतीस वर्षं लंडनची बस चालवली, आणि त्या एकतीस वर्षांत सायकलवाल्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की निवृत्त झाल्यावर देवाने त्यांनाच सायकलवर बसवलं. देवाचा न्याय असाच असतो. तो दंड करत नाही, नुसती जागा बदलतो.

बहात्तराव्या वर्षी, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटच्या आत कानटोपी घालून, शशिकांत दर गुरुवारी सकाळी दहाला एजवेअरच्या घरातून हिरवी सायकल बाहेर काढत. कोपऱ्यावर इलियास किहीमकर उभा असे. इलियास निवृत्त चष्मेवाला. भायखळ्यात जन्मलेला बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, पन्नास वर्षं लंडनमध्ये राहूनही मराठीत भांडल्याशिवाय ज्याचं अन्न पचत नाही असा. त्याची सायकल घडीची, चाकं पोळपाटाएवढी. शशिकांतांनी एक पायडल मारलं की इलियासला तीन मारावी लागत, आणि दोघांची दोस्ती गेली चाळीस वर्षं याच हिशेबाने चालली होती.

पण सध्या हे गुरुवारचं फिरणं हवा खाण्यासाठी नव्हतं. ती तालीम होती.

झालं असं, की इथल्या मराठी मंडळाच्या कीर्तनासाठी पुण्याहून यायचे ते बुवा व्हिसात अडकले. मंडळाच्या सेक्रेटरी वरदाताईंनी फोन केला, "शशिकाका, तुम्ही उभे राहाल का?" शशिकांतांनी आयुष्यभर कीर्तनं ऐकली होती. जिथे कुठे झांज वाजेल तिथे पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचे. बुवांनी ध्रुवपद म्हटलं की सगळ्यांच्या आधी यांचा आवाज. पण स्वतः उपरणं कमरेला बांधून उभं राहायचं? विचार पुरा व्हायच्या आत तोंडातून "हो" निघून गेलं. कीर्तन या रविवारी होतं.

तालीम घरात करायची सोय नव्हती. मुलगी रश्मी घरूनच काम करी. शशिकांतांनी जिन्याखाली बसून पहिला आलाप घेतला तेव्हा तो लीड्सपासून लिस्बनपर्यंत बारा लोकांनी मीटिंगमध्ये ऐकला, आणि त्यातल्या एकाने घरात कुणाला बरं नाहीये का म्हणून विचारलं. तेव्हापासून गळ्याला रस्ता हाच मोकळा.

आणि तो रस्ताही आता धाग्यावर लोंबकळत होता. सायकलवर गाण्याची खोड जुनीच; वसंतात शशिकांत तान घेता घेता कॅनन्स ड्राइव्हवरच्या तळ्याकाठी कुंपणात शिरले होते. जुलैमध्ये कोपर लागून कुणाच्या तरी गाडीचा आरसा गेला. तेव्हा रश्मीने स्वयंपाकघरात उभं राहून, लाटणं हातात धरून निकाल दिला होता.

"बाबा, धिस इज द लास्ट टाइम. आता एकजरी कंप्लेंट आली ना, तर सायकल शेडमध्ये आणि शेडची किल्ली माझ्या बॅगेत. मला फोन आला की आधी वाटतं, हॉस्पिटलमधून आहे. माझं पोट दुखतं, बाबा."

हे पोट दुखण्याचं शशिकांतांना लागलं होतं. म्हणून त्यांनी शब्द दिला होता, आणि तीन महिने पाळलाही होता.

तर तो गुरुवार. ऑक्टोबरचं कोवळं ऊन, पेव्हमेंटवर ओल्या पानांचा चिखल. हेल लेनच्या तोंडाशी एक पांढरी गाडी त्यांच्यासमोरून गेली. टपावर काहीतरी गरगरत होतं, चारी कोपऱ्यांना काळे फुगवटे. पुढच्या सीटवर माणूस होतं, पण स्टिअरिंग आपलं आपण वळत होतं.

"ती बघ, बिनड्रायव्हरची," शशिकांत म्हणाले. "आमच्या धंद्यावर निखारा."

"एकोणतीस डोळे आहेत तिला," इलियास म्हणाला. "पुढे, मागे, बुडाला. आणि एकालाही चष्मा नाही. मी वेळेवर दुकान बंद केलं म्हणायचं."

"आणि आत बसलंय ते कोण?"

"आमची नताली असते कधी कधी. नात माझी. तिला त्याच कंपनीत नोकरी लागलीय, सांगितलं नव्हतं का? पुढच्या सीटवर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे. गाडी चुकली तरच हात लावायचा."

"म्हणजे लग्नघरातल्या जावयासारखं. बसायचं, बघायचं, खटकलं तरच बोलायचं."

"जावई जेवतो तरी. हिला आत सँडविचसुद्धा खाऊ देत नाहीत."

हसत हसत दोघं हेल लेनला लागले. शशिकांत पुढे, इलियास मागे. पूर्वरंग मागच्या गुरुवारीच पाठ झाला होता, आज उत्तररंगाचं आख्यान घ्यायचं होतं. हे आख्यान इलियासने दिलेलं. त्याचे आजोबा रेवदंड्याच्या खाडीकाठी कीर्तन करत. बेने इस्रायलींमध्येही टाळ-झांजा घेऊन मराठीतून कीर्तनं होत, हे मंडळातल्या अर्ध्या लोकांना माहीतच नव्हतं. आजोबांचं आख्यान होतं एका नावाड्याचं. हा नावाडी शेवटचा उतारू येईपर्यंत होडी सोडायचा नाही. गावभर त्याचं नाव झालं. एके दिवशी एक साधू त्याच्या पाया पडायला आला, तेव्हा नावाडी म्हणाला, "महाराज, उठा. मी थांबत नव्हतो. मला झोप लागायची."

शशिकांतांनी या आख्यानाला स्वतः ध्रुवपद बांधलं होतं, आणि त्याचा त्यांना गुप्त अभिमान होता:

*थांब जरा रे, थांब गड्या,*
*पैलतिरी जाऊ सगळे.*

आता ध्रुवपद म्हटलं की हात गप्प बसत नाही. डावा हात हँडलवर, उजवा आपोआप बाहेर आला, आडवा, पंजा खाली, आणि तालावर वर-खाली होऊ लागला. थांब जरा रे, वर. थांब गड्या, खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली. शशिकांत रंगून गेले.

तीन आवर्तनं झाल्यावर त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मागून एकही गाडी पुढे गेली नव्हती. हेल लेनवर असं कधी होत नाही. तिथे सायकलवाल्याच्या कोपराला इस्त्री करत जायची लोकांना सवय आहे.

"शशा!" मागून इलियास ओरडला. "मागे बघ! तुझी वरात निघालीय!"

शशिकांतांनी मान वळवली. इलियासच्या मागे, अदबीने अंतर राखून, चक्कर मारून परत आलेली ती पांढरी गाडी. तिच्या मागे पावाची व्हॅन. व्हॅनमागे एक लाल बस, आणि बसमागे पार कोपऱ्यापर्यंत रांग. व्हॅनवाला हॉर्नवर कोपर ठेवून बसला होता.

"ही का थांबलीय?"

"मला काय विचारतोस? तू गातोस तेव्हा हळू होते. तू गप्प झालास की निघते. रसिक आहे!"

आणि तेव्हा शशिकांतांच्या डोक्यात चाळीस वर्षांपूर्वीचं एक पान फडफडलं. बसची परीक्षा. हायवे कोडचं पुस्तक. त्यातल्या चित्रात एक माणूस उजवा हात बाहेर काढून वर-खाली करतोय, आणि खाली लिहिलंय: मी वेग कमी करतोय किंवा थांबतोय. ही खूण त्यांनी घोकली होती, परीक्षेत करून दाखवली होती, आणि त्यानंतर उभ्या जन्मात लंडनच्या रस्त्यावर कुणी केलेली पाहिली नव्हती. सगळं शहर ते पान विसरलं होतं. एवढी एक गाडी विसरली नव्हती.

इथे शशिकांतांनी हात हँडलवर ठेवला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माणसाच्या आत एक सात वर्षांचं कार्टं कायम बसलेलं असतं, आणि ते कीर्तनाला आलं तरी पुढच्याची शेंडी ओढतंच.

त्यांनी हात बाहेर काढला. वर, खाली. गाडी हळू झाली. हात आत, गाडी निघाली. पुन्हा बाहेर, पुन्हा हळू.

"इल्या, बघ! बघ! एकतीस वर्षांत माझं कंडक्टरनेसुद्धा इतकं ऐकलं नाही!"

"अरे, बस कर! आत नताली आहे! कपाळाला हात लावून बसलीय पोरगी!"

पण शशिकांतांनी राउंडअबाउटला दोन फेऱ्या मारल्या. गाडीने मागे मागे दोन फेऱ्या मारल्या. पावाच्या व्हॅनने दीड. मग व्हॅनवाल्याने खिडकीतून फोन बाहेर काढला.

दुपारी बारापर्यंत ती फिल्म वस्तीच्या फेसबुक ग्रुपवर होती. वर लिहिलं होतं, 'हेल लेनवर म्हातारा अदृश्य ऑर्केस्ट्रा चालवतोय'. खाली एकशेचाळीस लोक हसले होते आणि बावीस जणांनी पोलिसांत कळवा म्हणून लिहिलं होतं. बारा वाजून पाच मिनिटांनी रश्मी जिन्यावरून खाली आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हात पुढे केला, शशिकांतांनी सायकल शेडमध्ये लावली आणि किल्ली त्या हातावर ठेवली.

"रविवारपर्यंत तरी—"

"नो, बाबा."

एवढंच. शशिकांत खोलीत जाऊन बसले. उत्तररंग अर्धाच बसला होता. घरात गाता येत नव्हतं, बाहेर जाता येत नव्हतं. रविवारी पन्नास-साठ माणसांसमोर उभं राहून काय बोलायचं, मीटिंग चालू आहे म्हणून?

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात इलियास, घाईत. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत त्याला घरी पोचायचं होतं. आणि बरोबर नताली, कंपनीचं जाकीट घातलेली, हातात टॅब्लेट.

"रश्मी, पाच मिनिटं दे," इलियास म्हणाला. "तुझ्या बापावर अन्याय झालाय."

नतालीने टॅब्लेट पुढे धरला. तिला मराठी समजे, बोलताना मात्र ती इंग्रजीच्या आडोशाला जाई. गाडीने त्या सकाळचा सगळा प्रसंग टिपून ठेवला होता. सायकलस्वाराने अकरा वेळा थांबण्याची खूण केली. अकराही वेळा हायवे कोडप्रमाणे, हात पूर्ण बाहेर, पंजा खाली. मागच्या एकाही चालकाला ती ओळखता आली नाही. व्हॅनने दोनदा धोकादायक अंतर ठेवलं.

"आमच्या ऑफिसमध्ये सगळे इम्प्रेस आहेत," नताली म्हणाली. "एवढा परफेक्ट सिग्नल कुणीच करत नाही."

रश्मीने ते दोनदा वाचलं. मग तिचा चेहरा असा झाला, जसा ती सात वर्षांची असताना तिला शाळेत उगीच रागावलेल्या बाईंचा खरं कळल्यावर झाला होता. फक्त आता सॉरी म्हणायची पाळी तिची होती.

"बाबा, आय ॲम सो सॉरी. मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. लोकांचं ऐकलं. मशीन तर खोटं बोलत नाही ना." तिने बॅगेतून किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि वर त्यांची बोटं मिटवली.

शशिकांतांनी तोंड उघडलं. इलियासने मागून त्यांच्या पोटरीला बुटाचं टोक लावलं. तोंड मिटलं.

शनिवारी सकाळी सायकल मोकळी होती, रस्ता मोकळा होता, ऊनही पडलं होतं. शशिकांत एकटेच निघाले. नमन म्हटलं, छान लागलं. ध्रुवपद म्हटलं, दोन्ही हात हँडलवर घट्ट. मग आख्यान. नावाडी, खाडी, साधू, सगळं आलं, आणि साधू पाया पडायला वाकला. "महाराज, उठा," शशिकांत म्हणाले, "मी थांबत नव्हतो..."

पुढचं येईना. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच. रश्मीने दिलेली किल्ली खिशातून मांडीला टोचत होती. कीर्तनाची ही एक वाईट खोड आहे. बाकी सगळ्या कला लोकांना बदलतात म्हणे. कीर्तन आधी बुवालाच धरतं.

इलियास शनिवारी फोन उचलत नसे. आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ संपला, तसा शशिकांतांनी फोन लावला.

"इल्या, ते अकरा सिग्नल. सिग्नल नव्हते ते."

"मला ठाऊक आहे. पहिले पाच-सहा ताल होता, उरलेली मस्ती होती. मग?"

"रश्मीने माझी माफी मागितली रे."

"चांगलं झालं! मुलं कधी मागतात का? जपून ठेव."

"तुझे आजोबा असते तर त्यांनी काय सांगितलं असतं?"

"माझे आजोबा सायकल चालवत नव्हते," इलियास म्हणाला. "हे बघ, बोललास तर सायकल गेली. सायकल गेली तर गुरुवार गेला. मग मी मराठीत भांडू कुणाशी? झोप आता. उद्या झांज मी आणतो."

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या. एका कोपऱ्यात चहाचा मोठा बंब, दुसऱ्या कोपऱ्यात पेटी-तबला. शशिकांत उपरणं बांधून उभे राहिले, नमनाचा सूर लागला आणि पाय जमिनीला टेकले. पूर्वरंगात लोक डोलले. मागे इलियास डोळे मिटून झांज धरून होता. तिसऱ्या रांगेत रश्मी बसली होती. लीड्स-लिस्बन बाजूला ठेवून आली होती, आणि बापाकडे अशी बघत होती, की हा माणूस जिन्याखाली इतके दिवस हे लपवून बसला होता?

आख्यान आलं. खाडी आली. साधू वाकला.

"नावाडी म्हणाला, महाराज, उठा. मी थांबत नव्हतो..."

आणि शशिकांत थांबले. पेटीवाल्याने एक सूर धरून ठेवला. इलियासने एक डोळा उघडला आणि मान हलवून 'नको' म्हटलं.

"मंडळी," शशिकांत म्हणाले, "हे पुढचं वाक्य म्हणायचा मला अधिकार नाही. आधी माझं ऐका. गुरुवारी हेल लेनवर एक गाडी माझ्यामागे थांबली. तुमच्यातल्या निम्म्यांनी फिल्म बघितली आहे, हसू नका. गाडीने रिपोर्ट दिला, शशिकांत टिपणीस फार शिस्तीचा माणूस. माझ्या लेकीने माझी माफी मागितली. आणि मी ती घेतली! पण लेकी, मी सिग्नल देत नव्हतो गं. मी ताल धरला होता. आणि ताल संपल्यावर जे केलं तो शुद्ध वात्रटपणा. गाडी खोटं बोलली नाही. गाडीला कुणी विचारलंच नाही की याच्या मनात काय होतं. ते बघायला एकोणतीस डोळे पुरत नाहीत."

कुठून तरी कुणाला फिस्सकन हसू फुटलं, आणि साठ माणसं सतरंजीवर लोळायची बाकी राहिली. त्या हसण्यातच शशिकांतांचं अडलेलं वाक्य सुटलं. "मी थांबत नव्हतो, महाराज, मला झोप लागायची!" त्यांनी वाक्य असं फेकलं की तबलजीने न सांगता सम दिली. ध्रुवपद उठलं, *थांब जरा रे, थांब गड्या*, आणि आख्ख्या हॉलने उजवे हात बाहेर काढून वर-खाली करायला सुरुवात केली.

रश्मीचा हात मात्र मांडीवरच होता.

चहाच्या बंबापाशी शशिकांत तिच्याजवळ गेले. खिशातून किल्ली काढली आणि तिने मागायच्या आत तिच्या हातावर ठेवली.

"राउंडअबाउटला दोन फेऱ्या, बाबा?" रश्मी म्हणाली. "दोन?"

"एकीत नीट कळलं नाही."

ती हसणार होती, पण हसली नाही. किल्ली तिने बॅगेत टाकली आणि बॅगेची चेन ओढली. तो चेनचा आवाज शशिकांतांना झांजेपेक्षा मोठा वाटला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी इलियासचा फोन आला. नतालीने रिपोर्ट बदलून दिला होता. कारणाच्या रकान्यात तिने 'संगीत' असं लिहिलं होतं आणि ऑफिसात त्यावर दोन तास चर्चा झाली होती. शशिकांत हसले, पण गुरुवारचा विषय कुणीच काढला नाही.

गुरुवारी सकाळी ते खाली आले तेव्हा शेडचं दार उघडं होतं. सायकल बाहेर उभी होती, पुसलेली. हँडलच्या दोन्ही बाजूंना एकेक नवी पितळी घंटी, उजवीकडे एक छोटा आरसा, आणि डाव्या घंटीला लटकवलेली किल्ली. रश्मी दारात कॉफीचा मग धरून उभी.

"मी विचारही केला नसता तर तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. मराठी वाक्य लांबलं की तिची अशी गुंतागुंत होई. "पण तुम्ही सांगितलं. सो. दोन्ही हात हँडलवर. ताल घंटीवर, अंगठ्याने. प्रॉमिस?"

"वचन," शशिकांत म्हणाले, आणि ऊन नसतानाही डोळे बारीक करून सायकलवर बसले.

हेल लेनवर त्यांनी ध्रुवपद धरलं. डावी घंटी, उजवी घंटी. ट्रिंग, ट्रिंग. झांजेची सर नाही, पण देव भाव बघतो. आणि मागून ओळखीची मंद घरघर आली. आरशात पांढरी गाडी. शशिकांतांनी आवाज थोडा चढवला. गाडी इलियासच्या मागे आली, जराही हळू झाली नाही, आणि सभ्यपणे अंतर सोडून पुढे जायला बाहेर वळली.

"चालली बघ," शशिकांत म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "घंटीचं काहीच नाही तिला. अरसिक!"

"वचन कुणी दिलंय?" मागून इलियासने विचारलं.

"मी."

"मी नाही."

आरशात दिसलं. पांढरी गाडी निमूट पुन्हा मागे सरकली. काचेआड नतालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मागे कुठेतरी पहिला हॉर्न वाजला.

"इल्या! हात खाली घे!"

"घेतोय की," इलियास म्हणाला. "खाली घेतोय. आणि मग वर."